शशीताईची चची भाषा

शशीताईचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. पुढचं मी कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आता का लिहितेय? थकले, एवढंच.

मी उदगीरकडची. सातवीत शाळा सुटली आणि पुढे काही वर्षांनी कळव्याला लांबच्या मावशीकडे आले. रोज वाटायचं – आज परत पाठवतील. शशीताई बाळकुमची, कोळ्यांच्या घरातली, नवरा गेलेला. खोपटला डेपोजवळ नवीन सायबर कॅफे निघालेला, तिथं ती काउंटरवर बसायची. मला तिनंच तिथं लावलं. आधी झाडू-पोछा, मग हळूहळू की-बोर्ड. "बोट दाब गो पोरी, मशीन काय चावत नाय." इंग्रजी अक्षरं मी तिच्याकडून शिकले. सुक्या बोंबलाची चटणी तिच्या डब्यात असायची, अर्धी माझी.

शेठच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम होता. बाहेरच्या कुठल्याही मशीनवर काय चाललंय ते त्याच्यात दिसायचं. काउंटरचंसुद्धा. केबिन मी झाडायचे म्हणून मला ठाऊक. ताईला नव्हतं.

आणि मी तिला सांगितलं नाही. इथूनच सुरुवात धरायची का? कदाचित.

इंटरनेटवाल्या कंपनीचा माणूस लाइन जोडायला आलेला, तो सांगून गेला – पासवर्ड टाकताना खाली पिवळं कुलूप दिसतं, म्हणजे मधे कोणी वाचू शकत नाही. ताईनं मला विचारलं, "खरं काय गो?" मी हो म्हटलं. तरी ती मेल लिहायची इंग्रजी अक्षरांत, पण चच्या भाषेत. पहिलं अक्षर मागे, पुढे च – लहानपणी आपण सगळ्याच बोललोय. "कुलूप हाय, पन आपली कडी पन लावायची," म्हणून हसायची. लिहायची डोंबिवलीच्या मैत्रिणीला. काय लिहायची, मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी शेठना चहा द्यायला गेले. ते स्क्रीनकडे बघत होते.

"ही शशी रोज काय लिहिते गं? मल्याळी येते की काय हिला?"

त्यांना एक अक्षर कळलेलं नव्हतं. जांभई देऊन ते बंदच करणार होते – माऊसवर हात गेलेला मी पाहिला. मी कप ठेवून निघाले असते तर? निघता येत होतं ना?

"मराठीच आहे, शेठ," मी म्हणाले.

मग बोट ठेवून वाचून दाखवलं. चकरीनो चडणारसो. नोकरी सोडणार. डोंबिवलीत इंटरनेटचं नवीन ऑफिस निघतंय, तिथं तिचं जवळपास ठरलेलं.

खाली आणखी एक ओळ होती. चरीलापो चणप चऊनघे चईनये. पोरीला पण घेऊन येईन.

ती मी वाचली. मनात. शेठना नाही.

भीतीनं बोलले, गावी पाठवतील म्हणून बोलले – असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण ती ओळ वाचल्यावर भीती कसली उरली होती? ती मला सोबत नेणार होती. खरं असं, की मला काउंटरची खुर्ची हवी होती. ती फिरायची. तिच्यावर बसलेल्या बाईला गिऱ्हाईक मॅडम म्हणायचं. डोंबिवलीत मी पुन्हा ताईची पोरच राहिले असते.

शेठची डोंबिवलीत ओळख होती. फोनवर काय बोलले माहीत नाही, ताईची तिथली जागा गेली. शनिवारी त्यांनी तिला इथूनही काढलं. जाताना ती डबा पिशवीत घालत मला बाजूला घेऊन म्हणाली, "ते कुलूप काय खरं नाय गो. कंपनीवालेच वाचतात वाटतं. तू पन आपलं काय लिवू नको त्याच्यावर. जप."

मी मान हलवली. दोष कंपनीवर गेला, तो तसाच जाऊ दिला.

सोमवारी खुर्चीवर बसले. चार वर्षं बसले. पुढच्या नोकऱ्या त्या चार वर्षांवरच मिळाल्या. ताई बहिणीबरोबर मासळीची पाटी घेऊन बसते, असं कळलं. मार्केट कुठलं तेही कळलं होतं. त्या रस्त्यानं मी जात नाही.

एक दिवस जाईन. पाटीसमोर बसून सांगेन की वाचून मी दाखवलं. ती बोलेल किंवा तोंड फिरवेल. तिनं जे हाताला धरून शिकवलं, जेवू घातलं, ते मी तिला फेडणार आहे – तिला लागेल तसं, ती म्हणेल तितके दिवस.