खारट पायसम

देवा-चमत्काराच्या गोष्टी निघाल्या की मी हळूच उठून कॉफी आणायला जाणारा माणूस. विश्वास नाही म्हणून — भीती वाटते म्हणून नव्हे, असं मी सांगत आलोय. त्यामुळे खालचं वाचून तुम्ही हसलात तरी मला राग नाही. आमची तंजावरी मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे तसेही हसतातच.

राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. गल्लीच्या तोंडाशी तेव्हा नुकताच एसटीडी बूथ झाला होता. घरात फोन यायचा होता. कमलाला, माझ्या बायकोला, ब्लड कॅन्सर निघाला. मद्रासच्या हॉस्पिटलात तिच्या धाकट्या भावाचा, गोपाळचा, बोन मॅरो तिला द्यायचं ठरलं. तो तिच्या अंगात रुजला तर बाई घरी येणार. नाही रुजला तर... पुढचं वाक्य डॉक्टरही पुरं करत नव्हते.

काचेच्या खोलीत जाण्याआधी तिनं मला एकच गोष्ट बजावली, "शुक्रवार चुकवूं नोका हो."

म्हणजे देवीचा पायसमचा, तुमच्याकडच्या खिरीचा, नैवेद्य. माझी थोरली बहीण पलीकडच्या गल्लीतून येऊन तो करायची. मी मद्रासला कमलाच्या काचेबाहेर. औषधांनी तिच्या तोंडात इतके फोड आले होते की पाणी उतरत नव्हतं, बोलणं तर बंदच. मी बाहेरून मूकपणे नकला करायचो. एकदा नक्कल करताना मास्क डोळ्यांवर चढला आणि मी ट्रॉलीवर आपटलो. नर्स ओरडली. कमला हसली की नाही, ते मास्कमुळे दिसलंच नाही.

रजा वाढवायला एक दिवस तंजावूरला यावं लागलं. नेमका शुक्रवार. आणि नेमका बहिणीला ताप!

मग काय... सोवळं नेसून मीच चुलीपुढे. मी पाणी तापवलं तरी करपतं, अशी माझी ख्याती. आमच्यात नैवेद्याआधी चव बघायची नाही. कमला वासावर स्वयंपाक करते. मला वास एकच कळतो, करपल्याचा. फळीवर दोन सारखे पितळी डबे होते. मी एक उघडला, हात सैल सोडून ओतला. वर खात्री म्हणून वेलदोड्याची अख्खी पुडी कुटून टाकली. देवीला दाखवलं, डोळे मिटून म्हटलं, "हिला उठव, बाकी काही मागत नाही." आणि प्रसाद तोंडात घातला.

मीठ!

प्रसाद थुंकता येत नाही, टाकता येत नाही. भांडंभर पायसम मी रडत रडत संपवलं. रडू मिठाचं नव्हतं. बायको त्या काचेमागे, आणि मी नेमकं आजच देवीला समुद्र पाजला होता. कुणाला सांगणार? बहिणीला विचारायची हिंमत नव्हती. "झाला नैवेद्य," एवढंच म्हणालो.

दुपारी बूथवर गेलो. हॉस्पिटलात फोन लावून गोपाळला बोलावून घेतलं. तो धापा टाकत आला.

"भावोजी! कमलाक्का बोलली!"

"काय म्हणाली?"

"तापात असेल हो... मनावर घेऊं नका."

"अरे, सांग की!"

"म्हणाली, ‘ह्यांना सांग, पायसात मीठ घातलें. देवीनं मुकाट्यानं खाल्लें. मीही खाल्लें.’ भावोजी, तुम्ही पायसम केलंत? तुम्ही?!"

माझ्या हातून रिसीव्हर सुटला. बूथवाला तमिळमध्ये माझ्या सात पिढ्या काढत होता, आणि मी त्याला हात जोडत होतो.

दुसऱ्या दिवशी मी परत पोचलो तर डॉक्टर रिपोर्ट घेऊन उभे. रक्तातल्या पेशींचा काउंट वर चढू लागला होता. मॅरोनं जीव धरला होता. तिच्या बोलण्याबद्दल विचारलं तर म्हणाले, तापात रुग्ण काहीही बडबडतात. पटलं मला. फक्त तापाला पायसम कसं कळलं, एवढंच विचारायचं राहिलं. गोपाळ म्हणाला, "माझा मॅरो आहे, हुशार आहे."

कमला घरी आली, केस परत आले, शुक्रवार परत तिच्याकडे गेले. पुष्कळ दिवसांनी मी विचारलं, "ए, तुला ते पायसम आठवतं?"

"मला कुठलें आठवतें? गोपाळानं सांगितलं तेवढंच."

झालं, म्हटलं. विषय संपला. मी पेपर उघडला. आतून पितळी डबा ठेवल्याचा आवाज आला, आणि मागोमाग तिचा,

"पण वेलदोडा मात्र फार झाला होता हो."

मिठाचं मी पुढे आपली फजिती म्हणून सगळ्या गावाला सांगितलं होतं. वेलदोड्याचं आजवर कुणालाच नाही... तुम्हालाच पहिल्यांदा.