डबल बेल

लातूरला कॉलेजात असताना आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो. रविवारी दुपारी मेसचं जेवण उरकलं की गोल करून बसायचं. पुकारणाऱ्यानं कुणाकडं तरी कोपर रोखून "डबल बेल!" म्हणायचं. ज्याच्याकडं कोपर, त्यानं एसटीतली घंटेची दोरी दोनदा ओढल्यासारखं करायचं. त्याच्या उजवीकडच्यानं स्टेअरिंग फिरवायचं, डावीकडच्यानं तिकीट फाडायचं. "ब्रेक!" म्हटलं की सगळ्यांनी जागच्या जागी थिजायचं. जो चुकेल त्यानं एक घोट घ्यायचा.

चुकल्याशिवाय ग्लासाला हात लावायचा नाही, हा नियम पक्का होता. आमच्या कुणाच्याच घरी दारूचं नाव काढायची सोय नव्हती. हौसेनं पितो तो दारुडा, आम्ही तर फक्त हरतो, अशी आम्ही मनाची समजूत घातली होती. मी अजिबात पीत नव्हतो, म्हणून पुकारायचं काम माझ्याकडं. "मास्तर, पुकारा!" असा ओरडा व्हायचा.

समोर बसायचा तो मुदखेडकडचा मित्र. माझ्या घरात दहावीपुढं कुणी गेलेलं नव्हतं. प्रवेशाचा फॉर्म त्यानं भरून दिला, इंग्रजीचं पुस्तक ओळीनं समजावलं. मी पदवीधर झालो तो त्याच्यामुळं.

पहिल्या वर्षी त्याच्याइतके चपळ हात कुणाचे नव्हते. दुसऱ्या वर्षी मात्र तो सारखा चुकायला लागला. "ड्रायव्हर, गाडी खड्ड्यात घालून राहिलास का बे?" म्हणून बाकीचे हसायचे. एका रविवारी मी "ब्रेक!" म्हणालो. सगळे थिजले. त्यानं माझ्याकडं बघत सावकाश तिकीट फाडलं आणि ग्लास उचलला.

तेव्हा मला कळलं. पण त्याला टोकायला माझी जीभ उचलली नाही. पुढच्या रविवारीही मी कोपर त्याच्याकडंच रोखलं.

गेल्या वर्षी नांदेडच्या दवाखान्यात त्याला भेटायला गेलो. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. उशाशी त्याची आई बसली होती. मी हळूच विचारलं, "मुद्दाम चुकायचास ना?"

"हाव. तुला ठावं व्हतं की."

"होतं."

"मग खेळ बंद करायचा व्हता, मास्तर. पुकारत तर तूच व्हतास."



"काय म्हनून राहिलाय रे?" आईनं मला विचारलं.

"जुन्या खेळाचं बोलतोय, मावशी."

त्यानं चादरीतून कोपर काढून माझ्याकडं रोखलं. ओठ नुसते हलले. मी हात वर करून दोनदा दोरी ओढली. मावशी त्याची उशी सारखी करत राहिली.

"तू कधीच चुकला न्हाईस," तो म्हणाला आणि त्यानं भिंतीकडं तोंड केलं. ती आमची शेवटची भेट.