फौजीच्या जीपची चाकं

भोरला गॅरेजात फिटर होतो, तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. माझा हात चांगला होता आणि तो चांगला आहे हे मला जरा जास्तच ठाऊक होतं.

तोरण्याच्या कुशीत, वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका गावात सैन्यातून निवृत्त झालेला एक ड्रायव्हर राहायचा. चाळिशीचा असेल. सगळे त्याला फौजी म्हणत. लष्करी लिलावातून त्याने एक जुनी जीप आणली होती आणि ती तो गावातून खाली वेल्ह्यापर्यंत चालवायचा. एसटी तिकडे वर जातच नव्हती. बाजाराला निघालेल्या बाया, तांदळाची-नाचणीची पोती, तापाने फणफणलेलं पोर, सगळं त्याच्याच जीपमधून खाली यायचं. फौजीचं घर बौद्धवाडीतलं. सुरुवातीला वरच्या आळीतली काही घरं त्याच्या गाडीत बसायला कचरायची. पायी उतरायची, पण बसायची नाहीत. मग हळूहळू एकेक जण बसू लागला. तो उतारावर गिअर कधी काढायचा नाही, दारूला शिवायचा नाही, गाडी भरली की एकही माणूस जास्त घ्यायचा नाही. तीन वर्षांत त्याने गावाचा विश्वास कमावला होता.

एका उन्हाळ्यात जीपचा पुढचा एक्सल दगडावर आपटून मोडला. तसलाच दुसरा मिळेना. आमच्या गॅरेजच्या मालकांनी, त्यांना आम्ही मिस्त्री म्हणायचो, पुण्याच्या जुन्या बाजारातून मोठ्या लष्करी गाडीचे पुढचा-मागचा असे दोन्ही एक्सल आणले. माल दणकट होता, पण दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जास्त रुंद. जुनी चाकं लावली तर ती मडगार्डच्या बाहेर आली. म्हणून मिस्त्रींनी रिमांचे दोन संच आणून टाकले आणि लेकीच्या लग्नासाठी आठ दिवस गावी गेले. कुठला संच बसवायचा ते माझ्यावर सोपवलं.

दोन्ही संचांतल्या रिमा रुंदीला सारख्याच होत्या, फरक फक्त आतल्या खोलीचा. रिम जमिनीवर पालथी घालायची, आतल्या कडेवर पट्टी आडवी ठेवायची आणि तिथून नट बसतात त्या पत्र्यापर्यंतचं माप घ्यायचं. ही खोली जास्त असली की चाक आत, गाडीच्या पोटाकडे सरकतं. कमी असली की बाहेर राहतं. एका संचाची खोली साडेचार इंच भरली, दुसऱ्याची साडेतीन. जाताना मिस्त्रींनी बजावलं होतं, गाडीत वजन टाक, स्टिअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरव, मग आत हात घालून बघ. नुसतं दिसण्यावर जाऊ नको.

मी साडेचार इंचवाल्या बसवल्या. चाकं मडगार्डखाली अशी नीट बसली, की जीप कारखान्यातून तशीच आली आहे असं वाटावं. दुसऱ्या संचाने टायर इंचभर बाहेर राहिला असता, स्टिअरिंग जड झालं असतं, चिखल उडाला असता. कोणी विचारलं तर ही कारणं द्यायला तयार होती आणि ती खोटीही नव्हती. पण खरं सांगायचं तर मला ती दिसायला आवडली. स्टिअरिंग मी शेवटपर्यंत फिरवून पाहिलं. डावीकडे टायर आणि ब्रेकचा रबरी पाइप यांच्यात जेमतेम एक बोट जात होतं. वजन टाकून पाहायचं, तर मागच्या अंगणातली वाळूची पोती उचलून आणायला हवी होती. ऊन होतं. मी नाही आणली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानातल्या चौघांना मागे बसवून एक फेरी मारली. वळणावर रबर घासल्याचा वास आला. परत येऊन खाली वाकून पाहिलं, तर ब्रेकच्या पाइपावर काळा, चकचकीत ओरखडा. माणसांच्या वजनाने स्प्रिंग दबली होती, पाइप फुगून बाहेर आला होता आणि टायर त्याला चाटून गेला होता. चारही चाकं उतरवायची, टायर काढायचे, दुसऱ्या रिमांवर चढवायचे, म्हणजे पुरा दिवस गेला असता. मी फडक्याने ओरखडा पुसला, पाइप तारेने आत ओढून बांधला आणि वर आलो.

फौजी गाडी न्यायला आला. सैन्यातल्या सवयीने गाडीभोवती फिरून त्याने सगळं पाहिलं. मग मला विचारलं, “चाकं कुठं घासत न्हाईत न्हवं?”

“नाही,” मी म्हणालो.

पंधराएक दिवसांनी, बाजाराच्या सकाळी, चार बाया आणि पोती घेऊन तो खाली उतरत असताना एका वळणावर ब्रेकचं पेडल सरळ तळाला गेलं. त्या गाड्यांना ब्रेकच्या तेलाची एकच नळी. एका चाकाचा पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. डावीकडे दरी होती. त्याने गिअर खाली ओढला आणि गाडी उजवीकडच्या दरडीवर घातली. बाया बाहेर फेकल्या गेल्या. एकीचं मनगट मोडलं, बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं. फौजीचा डावा गुडघा मात्र पार चेचला.

जीप ओढून आमच्याकडे आणली. मिस्त्री त्या दिवशी माल आणायला पुण्याला गेले होते, ते यायच्या आधी मी चाक उघडलं. तार तुटून लोंबत होती आणि पाइप सुरीने कापावा तसा कापला होता. मी तार खिशात घातली, नवा पाइप बसवला आणि त्याच दिवशी चारही रिमा बदलून साडेतीन इंचवाल्या लावल्या. मिस्त्रींना सांगितलं, पाइप जुना होता, फुटला. त्यांनी रिमांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते चहा प्यायला निघून गेले.

गावात मात्र वेगळंच पसरलं होतं. फौजी प्यालेला होता. मिलिटरीतली माणसं रम पितातच. तोरण्याकडचा एक जण गॅरेजात बसून हे सांगत होता आणि मी पाना हातात घेऊन ऐकत होतो. आम्हाला आधीच वाटलं होतं, असंही तो म्हणाला. त्या ‘आधीच’चा अर्थ मला कळत होता. तरी मी बोललो नाही.

फौजीचा गुडघा आखडून राहिला. तरी क्लचवर पाय आपटत तो गाडी चालवायचा, पण वरच्या आळीतलं कोणी बसेना. बाया पुन्हा पायी उतरू लागल्या. तो बांबू आणि शेणखत वाहू लागला. दोन वर्षांनी जीप विकायची ठरवून, तिची डागडुजी करायला तो आमच्याकडे आला. मी गाडीखाली पडलो होतो. बाहेर मला फक्त त्याचे बूट दिसत होते, डावा जरा तिरका टेकलेला. तोंड समोर नव्हतं म्हणूनच असेल, मी तिथूनच सगळं सांगून टाकलं. ओरखडा, तार, वाळूची पोती, मी म्हटलेलं ‘नाही’.

डावा बूट जरा मागे सरकला. मग तो म्हणाला, “मला सांगून काय व्हणार? म्या प्यालो न्हवतो हे मला ठावंच हाय. त्या चौघींच्या घरी जाऊन सांग.”

मी गेलो. वेल्ह्याला एसटीतून उतरून वर चालत गेलो. आधी मनगट मोडलेल्या बाईचं घर गाठलं. हात वाकडा जुळला होता, ती डाव्या हाताने तांदूळ निवडत होती. मी ओसरीवर उभा राहून सांगितलं की चूक माझी होती, फौजीदादा प्यालेले नव्हते. तिने ऐकून घेतलं. ती काही बोलणार एवढ्यात तिचे सासरे आतून आले. शांतपणे म्हणाले, “त्यानंच धाडलं व्हय तुला?”

मी शपथा घेतल्या. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या घरी तेच झालं. दोन वर्षं गप्प बसलेला माणूस आता गाडी विकायच्या वेळी उगवतो, तर त्याचं कोण खरं मानणार? तिसऱ्या आणि चौथ्या घरी मी गेलोच नाही. जायला हवं होतं.

परतताना बौद्धवाडीत फौजीच्या घरी थांबलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खाट. काय झालं ते सांगितलं. तो मान हलवत राहिला, रागावला नाही. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि ती दारातच उभी राहिली. तिने एवढंच विचारलं, “भाऊ, तवाच का न्हाई सांगितलंत?”

“भ्यालो,” मी म्हणालो.

“गाव उलटलं तवा आमी बी लई भ्यालो हुतो,” ती म्हणाली, आणि रिकामी झालेली कपबशी उचलून आत गेली.