आठवणीतून रंगवलेली पाठ

कस्तुरीचं देवघर बॉम्ब शेल्टरमध्ये होतं. परदेशातल्या, जुरोंग ईस्टच्या त्या भाड्याच्या फ्लॅटमधली, स्वयंपाकघराला लागून असलेली ही बिनखिडकीची, लोखंडी दाराची खोली; तिथल्या नियमाने नव्या इमारतींत घरोघरी असतेच. शेजाऱ्यांकडे तिथे बॅगा आणि तांदळाची पोती असायची. कस्तुरीने मात्र ती धुऊन-पुसून पाट मांडला आणि बाळकृष्ण बसवला. आंघोळ झाली की ओल्या केसांनीच आत जायचं, सोवळं नेसायचं, मग पूजा. दार पूर्ण लावलं तर समईच्या धुराने जीव कोंडायचा, म्हणून चार बोटं फट ठेवायची.

नवरा प्रसन्न वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत मॅनेजर. पन्नाशी उलटल्यावर त्याने दर शनिवारी चित्रकलेचा वर्ग धरला. तिथे एका फ्रेंच चित्रकाराची उतारवयातली चित्रं दाखवली आणि हा माणूस खुळावलाच. जेवणाचं टेबल, न्हाणीघर आणि बायको. त्या चित्रकाराने आयुष्यभर हेच काढलं म्हणे. ती गेल्यावरही काढत राहिला, आणि चित्रात ती कधी म्हातारी झालीच नाही.

"मी नाही हं मॉडेलबिडेल होऊन बसणार," कस्तुरीने आधीच सांगून टाकलं.

"नकोच बसू. तोही बायकोला समोर बसवत नसे. तू आपली कामं कर."

आपली सुटका झाली असं कस्तुरीला वाटलं. इथेच ती फसली.

महिन्याभराने धुण्याला टाकायच्या प्रसन्नच्या पँटच्या खिशात तिला एक छोटी डायरी सापडली. 'भेंडी चिरताना कोपर निळं. मानेखाली केशरी. टाच, फ्रीजच्या उजेडात, जांभळी.' पानंच्या पानं. रोजची वही कस्तुरीही लिहायची. तिथी, स्तोत्र, काय रांधलं, कोणाचा फोन आला. पण कोणाच्या टाचेचा रंग लिहायचा असतो हे तिच्या गावीही नव्हतं. त्या दिवसापासून तिला घरात कुठे वावरावं कळेना. पोळी लाटताना पदर, कपडे वाळत घालताना पदर. खाली इमारतीच्या बाकावर तासभर बसून यायची. पण बसून बसून किती बसणार? इथे राहायचा पास नवऱ्याच्या नोकरीवर, तिला स्वतःला नोकरी करायची मुभा नाही, परत वर यायचंच. उरलं एक देवघर. तिथे तरी कोणी बघत नाही, एवढंच तिला बळ होतं.

आणि मग सोफ्यामागे ते चित्र निघालं.

समईचा पिवळा उजेड, भिंतीवर हिरवट सावली, ओले केस पुढे घेतलेली बाई, आणि कमरेपर्यंत उघडी पाठ. डाव्या खांद्याखालचा तीळसुद्धा. चित्र वाईट असतं तर बरं झालं असतं. ते इतकं सुंदर होतं की तिला हुंदका आला. पुढच्या रविवारी वर्गाचं प्रदर्शन होतं, आणि प्रसन्नने इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना बोलावलं होतं.

जेवायला बसल्यावर तिने विषय काढला. "ते चित्र जाणार नाही."

"अगं, त्यातल्या त्यात तेच बरं जमलंय."

"मी देवासमोर होते हो!"

"म्हणून तर तो उजेड आला."

"Ma, only your back, lah," अवनी म्हणाली. लेक इथल्याच शाळेत वाढलेली. "Face पण दिसत नाही. कोण ओळखणार?"

"पाठच ओळखतात गं! दर आरतीला सगळ्या बायका माझ्या मागेच उभ्या असतात."

अवनीला हसू फुटलं. प्रसन्नलाही. कस्तुरी हसली नाही. "आणि केस? एकही पांढरा नाही. कोण आहे ही?"

"मला तू तशीच दिसतेस," प्रसन्न म्हणाला, अगदी साधेपणाने. तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाच तिला राग आला.

"नेऊ नका. पाया पडते."

तो उठला, चित्र तिच्या हातात दिलं. "घे. फाड, ठेव, काय हवं ते कर."

इतक्या सहज? तिने ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

"प्रदर्शनात काय लावणार मग?" अवनीने विचारलं.

"दुसरं काढीन. वर्गातच बसून काढतो, घरी रंगांचा वासही नको हिला." प्रसन्नने भात कालवायला घेतला. "सगळं लक्षात आहे माझ्या. आता बघावंही लागत नाही."

त्याच्या बोलण्यात कुठे खोच नव्हती. उलट तिची सोयच बघत होता तो.

"विसरा ना," कस्तुरी म्हणाली.

"असं कसं विसरू?" तो हसला.

तिने तुपाची वाटी उचलली. हात टेबलावरच्या दिव्याखाली आला, आणि मनगट केशरी, बोटांची टोकं निळसर, असं तिलाच दिसलं. हात तसाच अधांतरी राहिला.

"Ma, तूप," अवनी म्हणाली.

भात निवत होता. कस्तुरीने वाढलं.