कंप्युटरमधलं छप्पर

नव्वदीचं दशक सरत आलं असताना मी पुण्याहून बंगलोरला आले. आर्किटेक्टच्या त्या ऑफिसात कंप्युटरवर थ्रीडी मॉडेल करता येणारी मी एकटीच, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. साहेबांनी मला मल्लेश्वरममधल्या एका घराचं मॉडेल करायला सांगितलं. ते त्यांच्या गुरूंनी साठच्या सुमारास स्वतःसाठी बांधलेलं. गुरू वारले होते आणि त्यांच्या पत्नी तिथे एकट्या राहत. सगळे त्यांना अक्का म्हणत. अमेरिकेतल्या मुलाला घर पाडून फ्लॅट बांधायचे होते, पण अक्का सही करत नव्हत्या. घर चारी बाजूंनी फिरवून दाखवलं तर मुलाला त्याचं मोल कळेल, एवढीच साहेबांची आशा.

घराचं छप्पर पातळ काँक्रीटचं, पालथ्या सुपासारखं. मधे एकही खांब नाही. मी मापं घ्यायची आणि टेपाचं दुसरं टोक अक्का धरायच्या. मधेच म्हणायच्या, "पुरे गं, स्वल्प कॉफी घे. घर कुठे पळून जातंय?" छपराखालचे टेकू काढले त्या दिवशी गवंडीसुद्धा बाहेर पळाले होते म्हणे. अक्कांचे यजमान मात्र आत जाऊन मधोमध उभे राहिले. "मग मी काय बाहेर थांबू? मीही गेले, याला कडेवर घेऊन." हा म्हणजे तोच मुलगा.

ते सूप कंप्युटरात उतरवताना माझ्या नाकी नऊ आले. एकेक चित्र निघायला अर्धा दिवस, त्यात वीज गेली की मुसळ केरात. पण माझा त्या घरावर जीव जडला होता.

मुलगा सुट्टीवर आला तेव्हा अक्काही त्याच्याबरोबर ऑफिसात आल्या. मी पडद्यावर घर फिरवलं.

"अय्यो, हे तर आमचंच!" अक्का खुदकन हसल्या. मुलगाही हरखला. म्हणाला, "आतलं दाखवा ना."

आतलं दाखवायचं तर छप्पर काढावं लागतं, आम्ही रोजच काढतो. मी एक क्लिक केलं आणि छप्पर गेलं. स्वयंपाकघर, देवघर, झोपायची खोली, सगळं उघडं पडलं. अक्कांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"अम्मा, बघ, बारीकसारीक सगळं आलंय यात. आता घर कायमचं राहिलं. मग पाडायला काय हरकत आहे?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण तो दुष्टपणानं बोलत नव्हता, अगदी मनापासून बोलत होता. त्याचंच मला अजून जास्त वाईट वाटतं.

अक्का पडद्याकडे बघत राहिल्या. "इतकं सोपं असतं होय गं?" त्यांनी मला विचारलं. मग त्या मुलाला म्हणाल्या, "सरी, बरं तर. सही कुठे करायची ते सांग."

मी घाईघाईनं पुन्हा क्लिक केलं. छप्पर जागेवर आलं. "अक्का, हे बघा, आलं परत," मी म्हणाले. पण त्या उठल्या होत्या आणि दाराशी चपला शोधत होत्या.