साहेबांच्या रायफलीचा वारस

"हात बघू," असं म्हणून ते समोरच्याला हात पुढे करायला लावत. ज्योतिषी नव्हते. रेषांमध्ये त्यांना काडीचा रस नव्हता. हात थरथरतो का, एवढंच त्यांना पाहायचं असे. नवा वॉचमन, गॅसचं सिलिंडर आणणारा, सोसायटीत भाड्याने राहायला आलेली सॉफ्टवेअरमधली मुलं, सगळ्यांची ही परीक्षा व्हायची. पोरगा बिचारा हात लांब करून उभा राही आणि हे डावा डोळा मिटून त्याच्या बोटांवरून पलीकडे बघत. मग निकाल लागे : "चहा कमी करा." फारच खूश असले तर, "चालेल." काय चालेल, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

तुमच्याही सोसायटीत असा एखादा गृहस्थ असेल, ज्याला सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात. आमच्या कर्वेनगरातले हे साहेब मूळचे वाघोलीचे. घरात शेती, हे एकटे शिकले, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झाले आणि निवृत्तीनंतर आमच्या खालच्या मजल्यावर येऊन राहिले. मी तेव्हा बँकेत होतो. माणसांचं म्हणणं चेहरा न बदलता ऐकून घ्यायची मला नोकरीमुळे सवय होती, म्हणून त्यांनी मला जवळ केलं असावं.

त्यांच्याकडे एक शिकारीची रायफल होती. विलायती, अक्रोडाच्या दस्त्याची. तरुणपणी धरणाच्या कामावर असताना एका जहागीरदाराकडून ती त्यांच्याकडे आली. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी ती विकत घेतली होती. पुढच्या दिवाळीपर्यंत ती भेट म्हणून मिळालेली झाली. त्यानंतर जहागीरदारांनी डोळ्यांत पाणी आणून "आमच्या पोरांत हिला सांभाळणारा कुणी नाही हो" असं म्हणत ती त्यांच्या हाती सोपवली. शिकारीचंही तसंच. मचाणावर बसून त्यांनी बिबट्या मारला होता. गोष्ट ऐन रंगात आली की स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज येई, "डुक्कर होतं."

"तू तिथे नव्हतीस."

"मांस घरी आलं होतं. शिजवलं मी."

पुढे सरकारने शिकारीवर बंदी घातली. यात देशाचं मोठं नुकसान झालं, असं साहेबांचं मत होतं. त्या एका निर्णयाने साहेबांच्या टापूतल्या जनावरांना काही फरक पडला असेल असं मला वाटत नाही.

ते आमच्या सोसायटीत आले त्या वर्षांत दिल्लीत सरकारं टिकत नव्हती. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस चौकीत जमा करावी लागतात. साहेब सफारी चढवून, रायफल कॅनव्हासच्या पिशवीत घालून रिक्षाने चौकीत जात आणि निकालानंतर परत आणत. आघाडीच्या राजकारणावर त्यांचा राग होता तो त्यामुळे. "टिकता येत नाही तर निवडून येता कशाला? उगाच हिला हेलपाटे!"

दसऱ्याला मात्र थाट असे. पाटावर लाल कापड, त्यावर रायफल, तिला झेंडूची माळ. सोसायटीतली चार माणसं आपट्याची पानं घेऊन जमत. साहेब कुंकू वाहत आणि काकू म्हणत, "आता गॅसच्या शेगडीलाही वाहा. या घरात रोज चालते ती तेवढीच."

अशाच एका दसऱ्याला साहेबांनी चिमटीत कुंकू घेतलं आणि ते रायफलीवर पडायच्या ऐवजी पाटाच्या कडेला, जमिनीवर, माझ्या पँटवर सांडलं. हात चांगलाच हलत होता. आम्ही सगळे झेंडूच्या माळेकडे बघत राहिलो. काकूंनी पुढे होऊन कुंकू वाहिलं आणि या वेळी शेगडीचा विषय काढला नाही.

डॉक्टरांनी त्या थरथरीला लांबलचक नाव दिलं. साहेबांचं "हात बघू" त्या दिवसापासून बंद पडलं. वॉचमनला चुकल्याचुकल्यासारखं झालं. महिनाभराने त्यांनी मला खाली बोलावलं आणि खुर्चीच्या हातावर हात दाबून धरत सांगितलं, "वारस ठरवायचा. माझ्या डोळ्यांदेखत. मागे भांडणं नकोत."

भांडणं व्हावीत एवढं त्यांच्याकडे काही आहे, अशी त्यांची समजूत होती. मुलांची नव्हती.

थोरला मुलगा अमेरिकेत. नवं सहस्रक आलं की जगातले सगळे कंप्युटर गोंधळणार, अशी मागे आवई उठली होती. ते निस्तरायला जी पोरं गेली त्यांत हा गेला आणि गोंधळ झाला नाही तरी तिकडेच राहिला. डिसेंबरात तो बायकामुलांसह आला. साहेबांनी रायफल त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती परक्याचं तान्हं मूल धरावं तशी धरली.

"बाबा, मी ही कशी नेणार? एअरपोर्टवरच आत टाकतील मला."

"मग नेऊ नकोस. तू इकडे ये."

मी चहाचा कप तोंडाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. थोरल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने मुलांकडे पाहिलं. मुलं टीव्हीकडे पाहत होती. "बघू या," थोरला म्हणाला. हे त्याने इतक्या सराईतपणे म्हटलं, की ते त्याने पूर्वीही पुष्कळदा म्हटलं असावं.

धाकटा हिंजवडीत होता. अंतर तासाभराचं, पण यायचा तोही सणावारालाच. तो लॅपटॉप घेऊन आला. "बाबा, मी ऑप्शन्सवर जरा काम केलंय." पडद्यावर निळ्या चौकोनांत मांडलेलं होतं : विकणे, दान देणे, पोलिसांकडे परत करणे.

"सांभाळणे कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"ते फीजिबल नाही बाबा. आत्ताच फ्लॅटचं इंटिरिअर केलंय."

साहेबांनी लॅपटॉपचं झाकण स्वतः मिटलं. दोन प्रयत्न लागले. धाकट्याला ते दिसलं, पण तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

अशा वेळी पुतण्या उगवला. साहेबांच्या थोरल्या भावाचा मुलगा. वाघोलीतली जमीन बिल्डरला देऊन त्याने बंगला बांधला होता, पांढरी जीप घेतली होती आणि गळ्यात अशी चेन घातली होती की मान आपोआप पुढे झुकलेली असे. त्या झुकण्याला काकू विनय म्हणत. "काका, हाय का अजून ती?" असं दारातूनच विचारत तो आला, फरशीवर मांडी घालून बसला आणि बिबट्याची संपूर्ण गोष्ट त्याने घड्याळ न बघता ऐकली. साहेबांनी ती इतक्या विस्ताराने सांगितली की बिबट्या मरेपर्यंत माझे दोन चहा झाले. पुतण्याने रायफल कपाळाला लावली, मोबाइलवर माझ्याकडून आपले फोटो काढून घेतले आणि म्हणाला, "काका, ही मला द्या. जिवापाड जपीन."

साहेबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तकाकी आली. त्यांनी दोन्ही मुलांना फोन करून निर्णय कळवला.

आणि गंमत बघा. ज्या वस्तूला एअरपोर्ट आडवा येत होता, इंटिरिअर आडवं येत होतं, ती अचानक घराण्याची झाली. थोरला फोनवरून म्हणाला, "बाबा, ती आपल्याच लाइनमध्ये राहायला हवी." धाकटा आठवड्यात दोनदा येऊन गेला. 'सेंटिमेंटल व्हॅल्यू' हा शब्द त्याने इतक्यांदा वापरला की काकू म्हणाल्या, "काल भंगार होती, आज घराणं झालं. उद्या मला पण वाघोलीला देऊन बघा, मुलं भेटायला येतील."

साहेब हसले नाहीत. ते ऐकून मलाही हसू आलं नाही.

पुतण्याने वाढदिवसाला जेवायला बोलावलं. रायफल कुठे लावणार, ती जागाही दाखवायची होती. मी माझ्या गाडीतून दोघांना घेऊन गेलो. नगर रोड सोडून आत वळलो तर चौकात भला मोठा फ्लेक्स. त्यावर पुतण्या, डोळ्यांवर गॉगल, हातात साहेबांची रायफल आणि बोट थेट चापावर. नळी रोखलेली होती ती खाली शुभेच्छुक म्हणून छापलेल्या गल्लीतल्या यच्चयावत पोरांच्या चेहऱ्यांवर. वर लिहिलं होतं, 'वाघोलीचा वाघ'.

साहेबांनी गाडी थांबवायला लावली. काच खाली करून बघितलं. "चापावर बोट," एवढंच म्हणाले.

बंगल्याच्या हॉलमध्ये फायबरचा वाघ होता, जबडा उघडलेला, आत लाल दिवा. त्याच्या वरच्या भिंतीवर काचेची पेटी तयार होती. जेवणं चालू असतानाच साहेबांनी विचारलं, "माणसांवर नळी रोखून फोटो लावलास?"

"काका, फोटोच हाय नुसता. गोळी कुठं व्हती?"

"रायफल रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. हे ज्याला कळत नाही त्याला ती मिळणार नाही."

पंगतीत सगळी वाघोली बसलेली. पुतण्याचा चेहरा उतरला आणि मग तापला. "तुमचं तरी काय सांगता काका? आख्ख्या गावाला ठावं हाय. बिबट्या न्हवता, डुक्कर व्हतं."

पंगतीत कुणीतरी खुसकन हसलं. साहेबांच्या हातातला पापड कडकड वाजायला लागला. तो ठेवून द्यायचंही त्यांना सुचेना.

"बिबट्याच होता," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी आचाऱ्यापर्यंत पोचला. "मी कातडं पाहिलंय. जहागीरदारांनी ठेवून घेतलं, नाहीतर तुला हा प्लॅस्टिकचा वाघ विकत आणावा लागला नसता." मग त्यांनी साहेबांच्या हातातला पापड काढून ताटात ठेवला आणि भाताचा घास उचलला.

परतताना आम्ही नगर रोडला लागलो. मागच्या सीटवरून साहेब म्हणाले, "कातडं कधी पाहिलंस तू?"

"गप्प बसा. त्यांना गाडी चालवू द्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाली गेलो तर काकू मटार सोलत होत्या आणि साहेब समोर बसले होते. किती महिन्यांनी त्यांच्या तोंडून ते दोन शब्द आले, "हात बघू."

"बघा की. मटार सोलतोय तो," काकू म्हणाल्या.

"वारस ठरला," साहेब मला म्हणाले.

काकूंनी मान वर केली. "माझ्या डोक्यावर ही ब्याद कशाला?" असं म्हणाल्या खऱ्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. रीतसर अर्ज झाला. चौकशीला एक तरुण फौजदार घरी आला. त्याच्या कागदावर कारणाचा रकाना होता.

"आजी, परवाना कशासाठी हवाय? स्वसंरक्षण लिहू?"

"कुणापासून? दोन्ही मुलं बाहेर असतात."

"पीकसंरक्षण? शेती आहे का?"

"कुंडीत कढीपत्ता आहे."

फौजदाराने बिचाऱ्याने 'वारसाहक्क' लिहिलं आणि कांदेपोहे खाऊन गेला. परवाना झाला. मुलांना बातमी कळली तेव्हा दोघांनाही अपमान झाल्यासारखं वाटलं आणि हायसंही वाटलं. त्यांचे फोन पुन्हा पूर्वीइतकेच येऊ लागले.

त्यानंतरचा दसरा साहेबांनी खुर्चीतून पाहिला. काकू पूजा करत होत्या आणि हे सूचना देत होते. मध्येच म्हणाले, "माझ्यामागे हिचं काय करशील?"

"तुमच्यामागे ना? मग तुम्हाला कशाला चौकशी?"

साहेब मोठ्याने हसले. स्वतःवर हसताना मी त्यांना पाहिलं ते तेवढंच. उन्हाळ्यात ते गेले.

तेरावं झाल्यावर थोरला परतला, धाकटा हिंजवडीला गेला. आठवड्याभराने काकू माझ्याकडे आल्या. "चौकीपर्यंत येता का? जड आहे." तिथे त्यांनी रायफल कायमची सरकारजमा केली. त्या कागदावर सही करत असताना फौजदाराने मुलांना विचारलंत का, असं विचारलं. "मालकीण मी आहे," त्या म्हणाल्या. दोन्ही मुलांनी फोनवरून आकांत केला. काकूंनी फोन बाजूला ठेवून कुकरची शिट्टी होऊ दिली.

नंतर एकदा मी त्यांच्याकडे वाटी परत द्यायला गेलो होतो. आतल्या खोलीतलं उभं कपाट उघडं होतं. रायफल असायची त्या कप्प्यात त्यांनी जाळी काढायचा लांब दांड्याचा झाडू ठेवला होता. "उंची बरोबर बसते," त्या म्हणाल्या. मग कपाट लावलं, किल्ली फिरवून कुलूप घातलं आणि नीट लागलंय का, ते दोनदा ओढून बघितलं.

"झाडूला कुलूप, काकू?"

किल्ली कमरेला खोचत त्या म्हणाल्या, "वाटी कुठे आहे?"