आधी वासरं, मग वडे

कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमच्या भागातला शेजारधर्म दीर्घ आजाराने निवर्तला. मागे काही गाई, मैलोन् मैल कुंपण आणि एक व्हॉट्सअॅप ग्रुप असा परिवार आहे. अंत्यदर्शनाला कोणी आलं नाही, पण ग्रुपवरचा प्रतिसाद डोळ्यांत पाणी आणणारा होता.

बातमी पक्की आहे. मे महिन्यातल्या त्या शनिवारी मी आणि बायको प्रत्यक्ष उशाशी उभे होतो.

आम्ही मूळचे पुण्याचे. कॅनडातल्या कॅल्गरीत बरीच वर्षं काढून दक्षिणेकडच्या टेकड्यांत राहायला आलो. मी घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो आणि मीटिंगमध्ये मुद्दाम खिडकीतले डोंगर दिसतील असा बसतो. शेजारी एक म्हातारे रँचवाले, म्हणजे मोठ्या कुरणावर गाई पाळणारे. बायको त्यांना ‘आजोबा’ म्हणते. हा काहीतरी हुद्दा असावा अशी त्यांची समजूत आहे आणि ती आम्ही मोडलेली नाही. पहिल्या हिवाळ्यात आम्ही उठायच्या आत ते ट्रॅक्टरने आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून जायचे. आभार मानायला गेलो, तर असे लाजले की मीच काहीतरी वावगं बोललो असं वाटलं.

इकडे वसंतात वासरांना डाग द्यायचा असतो, प्रत्येक रँचची खूण वेगळी. रीत अशी की ज्याची वासरं त्याने दिवस ठरवायचा आणि शेजाऱ्यांनी यायचं. एक जण घोड्यावरून दोर टाकून वासरू ओढून आणतो, दोघं ते दाबून धरतात, कोणी लस टोचतं, कोणी डाग देतं. मजुरीचं नावही काढायचं नाही. काम संपलं की यजमानाने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं.

पूर्वी ही खबर आपोआप पसरायची. आता टेकड्यांवर शहरातून आलेल्यांची घरं झाली आहेत. म्हणून आजोबांच्या व्हँकुव्हरच्या लेकीने ग्रुपवर लिहिलं. धडाधड अंगठे उमटले. तिने ते फोनवर वडिलांना सांगितले. आजोबांच्या हिशेबात एक अंगठा म्हणजे एक माणूस. त्यांनी गावजेवणाला पुरेल एवढं मांस भल्यामोठ्या पातेल्यात रात्रभर शिजत ठेवलं.

शनिवारी सकाळी हजर कोण? आम्ही दोघं आणि ओढ्यापलीकडचे त्यांचे एक दोस्त, आजोबांहून म्हातारे, दुखऱ्या गुडघ्यासकट घोड्यावर बसलेले. यांच्याकडे डाग द्यायला दोन वर्षं कोणी फिरकलं नाही म्हणून त्यांनी गेल्या शरद ऋतूत सगळ्या गाई लिलावात काढल्या होत्या. घोडा तेवढा ठेवला होता.

आजोबा उपड्या बादलीवर बसले. वासरं हंबरत होती, डागण्या तापून लाल झाल्या होत्या. मी म्हटलं, भाड्याने माणसं मिळतात की. ते म्हणाले, भाड्याची माणसं वासरं डागून जातील, पण कुंपण तुटलं तर रात्री ती येणार आहेत का? मग हवामान सांगावं तशा आवाजात म्हणाले, की या शरद ऋतूत त्यांच्याही गाई लिलावात जातील.

बायकोने खिशातून फोन काढला. ती शनिवारी मांसाहार करत नाही, आणि त्या पातेल्यात काय आहे ते पाहायची इच्छा तर मुळीच नव्हती, म्हणून तिने घरून परातभर बटाटेवडे आणले होते. तिने वड्यांचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: जेवण तयार आहे.

थोड्याच वेळात रस्त्यावर धुरळा उडाला. अंगठेवाले सगळे आले. ओरखडाही नसलेले पिकअप, योग शिकवणाऱ्या बाई, पांढऱ्याशुभ्र बुटांतले एक दातांचे डॉक्टर. शेवटची गाडी आत आली तशी ओढ्यापलीकडच्या दोस्तांनी फाटक लावलं आणि त्याच्यापुढे घोडा आडवा उभा केला. आजोबा हातमोज्यांचं खोकं घेऊन पुढे झाले.

“आमच्याकडे आधी वासरं,” ते म्हणाले, “मग वडे.”

डॉक्टरांना एका वासराचे मागचे पाय मिळाले. त्या वासराने बुटांचा रंग तर बदललाच, वर डॉक्टरांना शेणात बसवलं. दुपार होईपर्यंत हेच गृहस्थ इतरांना पाय कसे धरायचे ते शिकवत होते. योगवाल्या बाईंनी एकाही वासराला निसटू दिलं नाही. मी लस टोचत होतो. एकदा स्वतःचाच हातमोजा टोचला, त्यावर बायको म्हणाली, “अहो, तुमचा नंबर पुढच्या वर्षी.”

जेवायला सगळे गवतावर पसरले. पातेलं खरवडलं गेलं, परात चाटूनपुसून साफ. डॉक्टर आजोबांना सांगत होते, की पुढच्या वसंतात ते जुने बूट घालून येतील, आणि पश्चिमेचं कुंपण बघायला तर उद्याच येतात. आजोबांनी शेवटचा वडा सावकाश संपवला, बोटं पँटला पुसली आणि या शरद ऋतूत गाई राहू देत म्हणाले.

त्यांचे दोस्त अजून घोड्यावरच होते, हातात अर्धा वडा. त्यांनी त्या वड्याकडे पाहिलं, शेणाने माखलेल्या मंडळींकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

“एवढंच करायचं होतं? मग मी माझ्या गाई कशाला विकल्या!”